आधी चार आजार, मग उपचार

माननीय आरोग्यमंत्री,
आरोग्य व सामाजिक सेवा विभाग, लंडन



जून २०२५ पासून इंग्लंडमधल्या जीपींना (फॅमिली डॉक्टरांना) टिर्झेपाटाइड, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले मौन्जारो, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने लठ्ठपणासाठी लिहून देता येऊ लागले. कोणाला द्यायचे याचा पहिल्या वर्षाचा निकष असा: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) निदान ४० हवा, आणि ठरवून दिलेल्या पाच आजारांपैकी निदान चार हवेत. टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदय व रक्तवाहिन्यांचा विकार, रक्तातल्या चरबीचा बिघाड आणि झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, हे ते पाच. दक्षिण आशियाई आणि आणखी काही वंशांच्या लोकांसाठी बीएमआयची अट अडीचने सैल केली आहे, म्हणजे ती ३७.५ वर येते. आजारांच्या संख्येत मात्र सवलत नाही. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, अशा माणसाला डॉक्टरांनी सांगायचे ते एवढेच, की तुमच्याकडे अजून एक आजार कमी पडतो. पाचापैकी कोणतेही चार सोडवा, असे प्रश्नपत्रिकेवर छापलेले असते. औषधाच्या दारावर ते वाचायला मिळेल असे वाटले नव्हते.

हे पत्र मराठीत आहे, याचे आपणांस नवल वाटेल. आपल्या खात्यात अनुवादकांची वाण नाही, तेव्हा ते आपल्यापर्यंत पोहोचेल. पण ज्या लोकांच्या शरीराला ही मोजपट्टी नीट बसत नाही, त्यांच्यातल्या काहींनी ते आधी वाचावे अशी इच्छा आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला भारतीय वंशाचे म्हणवणाऱ्यांची संख्या साडेअठरा लाखांच्या पुढे होती. आम्ही इथले कर भरतो, इथल्या दवाखान्यात रांग लावतो. आमचा मधुमेहही आता इथलाच आहे.

आधी एक गोष्ट मान्य करतो. लठ्ठपणा असलेल्या प्रत्येकाला उद्या सकाळी औषध द्या, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. इंग्लंडमधल्या २०२२ च्या आरोग्य पाहणीत शंभरातले एकोणतीस प्रौढ लठ्ठ या वर्गात मोडत होते, आणि जास्त वजनाचे धरले तर चौसष्ट. एवढ्या लोकांना पुरेल असा पैसा नाही, पैसा आला तरी तेवढे डॉक्टर नाहीत, आहारतज्ज्ञ नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ तर त्याहून नाहीत. म्हणजे कुठेतरी रेषा ओढावी लागणारच. ती कोणी, कुठे आणि कोणत्या कारणाने ओढली, एवढ्याच तीन प्रश्नांपुरते मी बोलतो.

पहिला प्रश्न, कोणी. औषधाचा फायदा त्याच्या किमतीला साजेसा आहे की नाही हे तोलून पाहण्यासाठी या देशाने नाइस ही संस्था उभी केली, आणि तिचा अभिमान बाळगावा असेच तिचे काम आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नाइसने टिर्झेपाटाइडबद्दल निकाल दिला: बीएमआय निदान ३५ आणि वजनाशी निगडित निदान एक आजार, एवढ्यावर हे औषध देणे एनएचएससाठी पैशाचे मोल वसूल करणारे आहे. पस्तीस आणि एक. या निकषात सुमारे ३४ लाख लोक बसतात, असा अंदाज होता. नाइसने असे औषध मंजूर केले की साधारण नव्वद दिवसांत त्यासाठी पैसा उपलब्ध करून देणे कायद्याने बंधनकारक असते. एनएचएसच्या सनदेतही रुग्णाचा तसा हक्क लिहिला आहे. इथे मात्र ही सेवा चालवणाऱ्या एनएचएस इंग्लंड या संस्थेने मुदतवाढ मागितली. ती मिळाली, आणि थोडीथोडकी नव्हे, बारा वर्षांपर्यंतची. पहिल्या तीन वर्षांत सुमारे २ लाख २० हजार लोकांना औषध द्यायचे ठरले, म्हणजे पात्र ठरलेल्या शंभरांतल्या साडेसहा जणांना. उरलेल्यांना गाळण्यासाठी मग नवी चाळण आली, आणि पस्तीस-एकचे चाळीस-चार झाले.

मोल आणि ऐपत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एखादी वस्तू तिच्या किमतीला साजेशी असते, तरी महिनाअखेरीला आपल्याकडे पैसे नसतात. त्यात लाज नाही. पण दुकानदाराला ‘पैसे नाहीत’ असे सांगण्याऐवजी ‘मला याची गरजच नाही’ असे सांगणे हे निराळे. चाळीस-चार हा ऐपतीचा निकष आहे आणि तो रुग्णापर्यंत पोहोचतो वैद्यकीय निकषाच्या वेषात. जीपीच्या खोलीत बसलेल्या बाईला ‘तुम्ही पात्र नाही’ एवढेच ऐकू येते. तिच्या कानाला त्याचा अर्थ लागतो तो असा, की आपले दुखणे तेवढे मोठे नाही. वास्तविक ती नाइसच्या मते पात्रच आहे. तिचे साल अजून आलेले नाही, एवढेच.

आता थोडे मागे जायला हवे, कारण औषध हा या कथेतला शेवटचा अंक आहे. त्याच्या खूप आधीपासून या देशात प्रौढांच्या वजनासाठी चार पायऱ्यांची व्यवस्था आहे. पहिलीवर सर्वांसाठीचे आरोग्यशिक्षण, दुसरीवर आहार-व्यायामाचे गट, तिसरीवर तज्ज्ञ डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांचे पथक, आणि चौथीवर शस्त्रक्रिया. कागदावर हा जिना सरळ दिसतो. पण २०१२ च्या कायद्याने एप्रिल २०१३ पासून त्याच्या पायऱ्यांचे मालक वेगवेगळे केले. दुसरी पायरी नगरपालिकांकडे गेली, तिसरी आरोग्यसेवा खरेदी करणाऱ्या स्थानिक गटांकडे, चौथी एनएचएस इंग्लंडकडे. ती चौथीही पुढे २०१६ मध्ये स्थानिक गटांकडे आली, आणि २०२२ मध्ये ते गट जाऊन त्यांच्या जागी ४२ इंटिग्रेटेड केअर बोर्ड, म्हणजे आयसीबी, आले. ज्याने खालच्या पायरीवर पैसा घालायचा त्याची बचत वरच्या पायरीवर, दुसऱ्याच्या खात्यात होणार, अशी ही रचना. मग खालच्याने तरी पैसा का घालावा? २०२१ मध्ये सरकारने वजनाच्या कार्यक्रमांसाठी १० कोटी पौंड जाहीर केले, नगरपालिकांनी त्यातून माणसे नेमली, गट सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या पायरीचे अनुदान थांबवले गेले. एका वर्षात माणसाचे वजन उतरत नाही, आणि उतरले तरी ते तिथे थांबत नाही. हे तर अनुदान देणाऱ्यांनाही ठाऊक असणार.

तिसऱ्या पायरीची, म्हणजे ज्याला तज्ज्ञ सेवा म्हणतात तिची, अवस्था सर्वांत नाजूक आहे, आणि त्याचे कारण कायद्याच्या एका बारकाव्यात आहे. नाइस दोन प्रकारची कागदपत्रे काढते. औषधाबद्दलचा निकाल बंधनकारक असतो. सेवा कशी असावी याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे मात्र सल्ल्याच्या स्वरूपाची असतात. आयसीबीने ती पाळली नाहीत तर तिला जाब विचारणारे कोणी नाही. म्हणून एका भागात तिसऱ्या पायरीची सेवा आहे, शेजारच्या भागात रांग इतकी लांबली की नवी नावे घेणेच बंद, तिसऱ्या ठिकाणी स्थानिक नियमाने बीएमआयची अट नाइसपेक्षा चढी. इथे याला पोस्टकोड लॉटरी म्हणतात. मार्च २०२३ मध्ये सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्ही, मंजूर झाले तेव्हा अट अशी होती की ते तज्ज्ञ सेवेतूनच द्यावे, आणि जास्तीत जास्त दोन वर्षे द्यावे. औषधाचा हक्क बंधनकारक, पण ज्या दारातून ते मिळायचे ते दार उघडे ठेवणे ऐच्छिक. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपल्या कायदेतज्ज्ञांना कोणीतरी समजावून सांगायला हवी होती. शस्त्रक्रियेचेही तेच: अनेक ठिकाणी तिसऱ्या पायरीवर काही महिने काढल्याशिवाय चौथीवर जाता येत नाही, आणि तिसरी पायरीच नसेल तर जिना तिथेच तुटतो.

दुसरा प्रश्न, रेषा कुठे. इथे मला पुण्याला जावे लागते, आणि ते ओढूनताणून नाही. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांचे एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे प्रा. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के निघाले आणि याज्ञिक यांच्यात २१.२. वजनकाट्याला दोघे सारखे, आणि आतला हिशेब दुपटीहून वेगळा. याज्ञिकांनी त्याआधी पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांची तुलना आपल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली होती. पुण्याकडची बाळे सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची; पण पुण्याकडची बाळे लहान असली तरी त्यांची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती, घटले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेले, ही आपल्याकडे चेष्टेची गोष्ट होती. त्या अभ्यासांनी तिला आजाराच्या कारणांत जागा दिली.

हे पुण्याचे निरीक्षण इंग्लंडच्या आकड्यांतही उतरले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या सुमारे १४ लाख ७० हजार लोकांच्या जीपीकडच्या नोंदी तपासल्या गेल्या. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना टाइप २ मधुमेहाचा जो धोका असतो, तेवढाच धोका दक्षिण आशियाई माणसाला कोणत्या बीएमआयला असतो, हा प्रश्न होता. उत्तर आले २३.९. आकडा कोरडा वाटतो, म्हणून किलोत सांगतो. उंची १६५ सेंटिमीटर धरली, तर गोऱ्या माणसाच्या ८२ किलोंची बरोबरी आमच्याकडे ६५ किलोंना होते. फरक सतरा किलोंचा. नाइसने दिलेली अडीच गुणांची सूट त्याच उंचीला सात किलोंच्या आतबाहेर भरते. रोगाने सतरा किलो आधी गाठायचे आणि नियमाने सात किलो सोडायचे, हे गणित सहज जुळणारे नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आपले सल्लागार ती सांगतीलच. तो अभ्यास मधुमेहाच्या धोक्याचा आहे, औषधाच्या फायद्याचा नाही. धोका २३.९ ला सुरू होतो म्हणून औषधही २३.९ ला सुरू करा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि तो काढण्याचा माझा इरादाही नाही. ६५ किलोंच्या माणसाला दर आठवड्याला टोचून घ्यायला लावण्यात शहाणपण नाही. माझा मुद्दा एवढाच, की बीएमआय हे आमच्या बाबतीत आजाराचे उशिरा वाजणारे घड्याळ आहे, आणि चाळीस-चारचा नियम ते घड्याळ आणखी मागे सारतो. ३७.५ चा बीएमआय म्हणजे त्याच १६५ सेंटिमीटरच्या माणसाचे वजन १०२ किलो. मराठी घरांतला मधुमेह बहुतेक वेळा तिथवर जायची वाट पाहत नाही. तो सत्तर-पंचाहत्तर किलोंनाच येऊन बसतो, पुढे औषधांची संख्या वाढत जाते, आणि तरी ती व्यक्ती आपल्या रांगेच्या जवळपासही फिरकत नाही.

तिसरा प्रश्न, कारण. आपण म्हणाल, आणि हा आक्षेप हलका नाही, की जो सर्वांत जास्त आजारी त्याला आधी, हे एनएचएसचे तत्त्वच आहे. अपघात विभागात कोणी आधी आला ते पाहत नाहीत, कोणाचे रक्त जास्त वाहते ते पाहतात. मग चार आजारवाल्याला एक आजारवाल्याच्या आधी घेण्यात गैर काय? या तत्त्वापुढे मी मान तुकवतो, पण ते इथे लागू पडते का, हे तपासायला हवे. अपघात विभागातले रक्त थांबवले की माणूस वाचतो. उशिराने आलेला रुग्ण आणि लवकर आलेला रुग्ण, दोघांवरचा उपचार जवळपास सारखाच चालतो. वजन आणि मधुमेहाचे तसे नाही. याचा पुरावा आपल्याच देशात तयार झाला. न्यूकॅसल आणि ग्लासगोच्या संशोधकांनी केलेल्या डायरेक्ट या चाचणीत, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना काही महिने संपूर्ण आहाराऐवजी मोजक्या उष्मांकांची पेये देण्यात आली. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला, दुसऱ्या वर्षाअखेरही ३६ टक्क्यांचा तसाच होता. सहा वर्षांची अट त्यांनी उगाच घातली नव्हती. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी थकायला वेळ लागतो, आणि एकदा पुरत्या थकल्या की वजन उतरूनही त्या तेवढ्या तेजाने परत उभ्या राहत नाहीत.

आणि याच पुराव्यावर आपल्याच एनएचएसने एक देशव्यापी कार्यक्रम चालवला आहे. मधुमेह निदान होऊन सहा वर्षांच्या आत, वय १८ ते ६५, बीएमआय निदान २७, आणि आशियाई किंवा कृष्णवर्णीय असल्यास २५. बारा आठवडे दिवसाला आठशे-नऊशे उष्मांकांची पेये, मग हळूहळू अन्नाकडे परत. तो पूर्ण करणाऱ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांचा मधुमेह माघारी गेल्याचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. म्हणजे एनएचएसच्या एका दारावर ‘लवकर या’ अशी पाटी आहे आणि दुसऱ्या दारावर ‘आजार वाढू द्या, मग या’ अशी. दोन्ही दारे एकाच इमारतीची, दोन्हींचा खर्च एकाच खजिन्यातून. जुलै २०२५ मध्ये आलेल्या आपल्या दहा वर्षांच्या आराखड्यात आजारापासून प्रतिबंधाकडे जाण्याचे वचन मोठ्या अक्षरांत आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हेच ते वचन. मग चाळीस-चारच्या नियमाला काय म्हणायचे? इथे तर घसा सुकून चार ठिकाणी चिरा पडल्यावर कुदळ उचलायची ठरली आहे.

आजार मोजण्याच्या पद्धतीतही एक अडचण दडलेली आहे. आजार असणे आणि त्याची नोंद असणे यांत अंतर असते. स्लीप ॲप्नियाचे निदान व्हायला झोपेची तपासणी लागते, तिची रांग असते, आणि त्याआधी ‘रात्री मी घोरतो, दिवसा पेंगतो’ हे डॉक्टरांना सांगावे लागते. ज्यांना इंग्रजी सफाईने येते, ज्यांना व्यवस्थेची वाट माहीत आहे, ते चौथा आजार कागदावर आणतात. दोन पाळ्यांत काम करणारा, जीपीकडे सहा मिनिटे मिळवणारा माणूस तीनवरच राहतो. नोंदींची संख्या हे आजाराच्या गांभीर्याचे माप नसते. बऱ्याचदा ते फक्त कोणाची किती वेळा तपासणी झाली याचे माप असते.

दुसरा आक्षेप सभ्य भाषेत क्वचित लिहिला जातो, पण मनात सगळ्यांच्या असतो: लोकांनी तोंडाला आवर घालावा. मराठी घरांतही तो कमी नाही. किंबहुना आपल्याकडे तो जेवणाच्या ताटावर बसूनच ऐकवला जातो. संयमाने कोणाचे वजन उतरत नाही असे नाही. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, हे चाचणीत दिसले आहे. औषधाच्या काळात ज्यांनी कमी खाल्ले तीच ती माणसे, तोच त्यांचा संयम. भूक आणि तृप्ती यांचे नियंत्रण मेंदूत आणि आतड्यांच्या संप्रेरकांत आहे, आणि शरीर उतरलेले वजन परत मागते. यातून निघणारा व्यवहारी धडा वेगळाच आहे: दोन वर्षांनी बंद होणारे औषध आणि त्यामागे आधार देणारी सेवाच नाही, ही खर्च करून हात कोरडे ठेवण्याची रीत झाली. म्हणून औषधाच्या खर्चाइतकाच तिसऱ्या पायरीच्या पथकाचा खर्चही मला महत्त्वाचा वाटतो.

प्रतिबंधाचे काय, असेही विचारले जाईल. गोड पेयांवरचा २०१८ चा कर चांगलाच होता. उत्पादकांनी साखर कमी केली. जानेवारी २०२६ पासून रात्री नऊच्या आधी टीव्हीवर अपायकारक खाद्यपदार्थांच्या जाहिराती दाखवायला बंदी आली, तीही हवीच होती. पण ज्याला आजच मधुमेह आहे, त्याच्या नशिबात ते कायदे उशिरा आले.

वंशानुसार वेगळी रेषा ओढणे अन्यायाचे आहे, अशीही एक कुजबूज ऐकू येते. एकाला ४० आणि दुसऱ्याला ३७.५, ही मेहेरबानी कशाला? ज्याला मेहेरबानी वाटते त्याने पुणे-साउदॅम्प्टनची बाळे आठवावीत. सारखाच धोका सारख्या निकषाने मोजायचा असेल तर किलो वेगवेगळेच येणार. तरीही मला वंशाची रेषा शेवटचा उपाय म्हणून आवडत नाही, कारण मिश्र वंशाच्या मुलांच्या पिढीत ती टिकणार नाही. त्यापेक्षा नाइसनेच सुचवलेले कंबरेचे माप बरे: घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. त्याला फक्त एक टेप लागतो, आणि सुटलेले पोट मराठी असो की गोरे, टेपला त्याचा वंश कळत नाही.

या बाबतीत भारतातली स्थिती इंग्लंडहून बरी आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्येच लठ्ठपणाची रेषा २५ वर आणली. तरी भारतातल्या विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधीसह ३५, हेच पाश्चात्त्य आकडे आहेत. संशोधन पुण्यात झाले, त्याची सूट लंडनने थोडी दिली, पुण्याच्या विमाधारकाला ती मिळत नाही. आपल्याला यात समाधान मानण्यासारखे काही आहे असे नाही. पण पत्र वाचणाऱ्या मराठी माणसाने हेही लक्षात ठेवावे.

पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. सध्या या देशात ही इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी बहुतांश लोक ती स्वतःच्या खिशातून घेतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मौन्जारोच्या सर्वांत मोठ्या मात्रेची महिन्याची घोषित किंमत १२२ पौंडांवरून ३३० वर गेली. दुकानांना त्यात सवलत मिळाली, तरी ज्यांना ती मात्रा लागते त्यांचा दरमहाचा खर्च मोठाच राहतो. म्हणजे चाळीस-चारच्या चाळणीतून गळलेले सगळे एकाच ठिकाणी पडत नाहीत. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते खासगी औषधवाल्याकडे जातात. नसलेले आजार वाढण्याची वाट पाहतात. निकष कडक करून सरकारने खर्च वाचवला, असे म्हणताना हे दोन प्रकारचे लोक वेगळे मोजले पाहिजेत. दुसऱ्या प्रकारच्या लोकांचा खर्च वाचलेला नाही, तो डायलिसिसच्या आणि हृदयविभागाच्या खात्यावर पुढे ढकललेला आहे.

म्हणून मागणी अशी, की २ लाख २० हजार ही संख्या तीच ठेवा, पण आत कोण येणार हे ठरवताना आजारांची गोळाबेरीज सोडून द्या. ज्यांना मधुमेह नुकताच झाला आहे आणि ज्यांना मोठा लाभ होण्याची शक्यता जास्त आहे, त्यांनाही त्या संख्येत जागा राखा. कंबरेचे माप निकषात आणा. तज्ज्ञ सेवेबद्दलची नाइसची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक करता येत नसतील, तर निदान प्रत्येक आयसीबीला त्या सेवेची रांग किती महिन्यांची आहे आणि स्थानिक अट नाइसपेक्षा कुठे वेगळी आहे, हे दर तिमाहीला छापायला लावा. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने एनएचएस इंग्लंडच आपल्या खात्यात विलीन करण्याचे जाहीर केले. तेव्हा हा निर्णय दुसऱ्या कोणाचा आहे, असे आता म्हणता येणार नाही. आयसीबींना चालवण्याचा खर्च निम्मा करायला सांगितला तोही आपणच. माणसे कमी केलेल्या मंडळांकडून रांगेचे आकडे मागणे अवघड जाईल हे कबूल, पण आकडे न मागता त्यांना मोकळे सोडणे त्याहून महाग पडेल.

आणि जीपीने पात्र नसलेल्या रुग्णाला जो कागद द्यायचा, त्यावर ‘आपण अपात्र आहात’ ऐवजी ‘नाइसच्या निकषानुसार आपण पात्र आहात; निधी नसल्याने आपला गट अमुक वर्षी येईल’ असे लिहायला सांगा. त्या वाक्यात अमुकच्या जागी कोणते साल घालायचे हे आज खात्यालाही सांगता येणार नाही, अशी माझी शंका आहे. बारा वर्षांचे वेळापत्रक छापले की ती दूर होईल.

शेवटी एक आकडेवारी मागतो. पहिल्या वर्षी ज्यांना हे औषध मिळाले, त्यांची वंशनिहाय आणि आयसीबीनिहाय संख्या प्रसिद्ध करावी, आणि शेजारी त्याच भागातल्या मधुमेहाच्या रुग्णांची वंशनिहाय संख्या ठेवावी. दोन्ही स्तंभ जुळले, तर या पत्रातला पुण्यापासूनचा भाग मी मागे घेईन.

कळावे.

आपला नम्र,
इंग्लंडमधला एक मराठी करदाता